दिनुकीची खोली

आमच्या दारसैतच्या घरात
नवं असं काही नव्हतंच.
कपाट बालकृष्णन सोडून गेला ते,
वॉशिंग मशीन पेशावरच्या डॉक्टरीणबाईंचं,
इस्त्रीचं टेबल कुणाचं, आता आठवत नाही.
मस्कतमध्ये माणूस कायमचा निघाला
की शेवटच्या आठवड्यात दार उघडंच ठेवतो
आणि शेजारी येऊन मापं घेतात.
मीही घेतलीयेत, टेप घेऊन. लाज नाही वाटली.

जयसेकरांनी दोन स्पीकर दिले, सोळा साली.
पांढरे. एकाच्या जाळीवर हळदीचा डाग,
तो तेव्हाही होता.
वायरबियर काही नको, नुसतं वायफाय, ते म्हणाले,
आणि त्यांचा जुना फोनही देऊन टाकला,
कारण सगळं त्यातच बसवलेलं.

यंदा विश्रामने नवा घेतला.
दुसऱ्या कुणाच्या हाताचा वास नसलेली
या घरातली पहिली वस्तू.
टीव्हीखाली ठेवला, फरशीवर मांडी घातली
आणि तिघांची ओळख करून द्यायला बसला.

नव्या ॲपला जुने दिसेनात.
जुन्या ॲपला नवा दिसेना.
एकच वायफाय, एकच पासवर्ड,
मध्ये एक भिंत, तीही जिप्समची.
मग सूचना आली, फार नम्र:
ही उपकरणं एकत्र चालणार नाहीत.
घर दोन भागांत विभागायचं का?
खाली दोन बटणं. होय. नंतर.

म्हणजे वेगळी चूल, मी म्हटलं.
चेष्टा नको, तो म्हणाला, मेमरी कमी आहे त्यांची,
नवीन भाषा डोक्यात मावत नाही.
हे जरा हळूच बोलला.
त्याच्या कंपनीत मागच्या महिन्यात नवी सिस्टीम आली
आणि तो रात्री अकराला तिचे व्हिडिओ बघतो,
आवाज बंद करून.

रुवीच्या दुकानातला शिजू म्हणाला, पुसून टाका जुने.
मागचं बटण धरून प्लग लावायचा,
दिवा केशरी झाला की सगळं गेलं,
मग बघू, नवा यांना घरात घेतो का.
घेईलच असं नाही.

विश्रामने बटणावर बोट ठेवलंही.
मी जुना फोन बघत होते.
त्यात दोन नावं आहेत, जयसेकरांनी घातलेली:
किचन,
आणि दिनुकीची खोली.
दिनुकी तेव्हा चार वर्षांची,
लिफ्टमधली सगळी बटणं दाबायची
आणि प्रत्येक मजल्याला टाटा करायची.
आता माझ्याहून उंच असेल.
आणि आम्ही इतकी वर्षं तिच्या खोलीत,
म्हणजे आमच्या बाल्कनीच्या दाराशी, कांद्याच्या टोपलीशेजारी,
बातम्या लावतोय.

थांब, मी म्हटलं.
का, ते त्याने विचारलं नाही.
प्लग हातातून सोडला.

आता सकाळी दोन फोन लागतात.
नवा त्याच्या हातात; काच तडकलेला माझ्या.
एक, दोन, तीन म्हणून एकदम दाबतो.
एकदम होत नाही.
बैठकीत तबला सुरू होतो, किचनमध्ये तोच तबला
अर्ध्या सेकंदाने, कधी थोडं अधिक,
पूर्वी बूथमधून गावी फोन केला
की आपलाच हॅलो परत यायचा तसा.
आईला वाटायचं, मी तिला बोलूच देत नाही.

पॅसेजमध्ये उभं राहिलं तर फारच वाईट.
सम दोनदा येते,
आणि मान कुठल्या समेला हलवायची कळत नाही.

पॅसेजमध्ये बसतं कोण, विश्राम म्हणाला,
आणि डबा घेऊन खाली गेला.