चौथा भाग

त्यांनी माझं स्वयंपाकघर तीन दिवस भाड्याने घेतलं
आणि पहिल्याच सकाळी ते मळवायला बसले.
काळ्या चहाने भिंतीवर ओल रंगवली,
माझे चांगले पडदे घडी घालून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवले,
ओट्यावर कुणाच्यातरी दारूच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या.
ब्रशवाली मुलगी म्हणाली, रागावू नका हं,
घर असं दिसलं की लोकांना मुलगा लवकर कळतो.

मी ब्र काढला नाही. पोर्ट टॅलबटमध्ये
भाड्याला कुणी नाही म्हणत नाही.

नट म्हणजे कार्डिफचा सतरा वर्षांचा पोर.
गुन्हेगार व्हायचं म्हणून त्याच्या भुवईवर
रोज सकाळी एक जखम चिकटवायचे.
टेबलाशी बसून थंड बीन्स खायचा, दार वाजायचं,
चमचा तोंडाजवळ थांबायचा.
अकरा वेळा दार वाजलं, अकरा वेळा चमचा थांबला.
मी जिन्यावर बसून मोजत होते.
आमचं एकदाच वाजलं होतं.

मधल्या सुट्टीत जखम सांभाळत आला,
सॉस आहे का विचारायला.
फ्रिजवरचा फोटो बघून म्हणाला,
मुलगा होता तुम्हाला?
आहे, मी म्हटलं,
आणि बाटली हलवत राहिले, तळाशी होता थोडा.

नोव्हेंबरात चौथा भाग लागला.
शेजारची ग्लेनिस केक घेऊन आली,
तुझं घर टीव्हीवर गं! म्हणाली, आणि जीभ चावली.

अठ्ठेचाळीस मिनिटं.
इन्स्पेक्टर बाई दमलेली, घरातसुद्धा कोट न काढणारी.
तिने पोराला हळू आवाजात विचारलं, का?
पोर रडलं, रडण्यातून बाप निघाला,
बापाच्या हातातून पट्टा,
आणि पट्ट्यामागोमाग सगळंच,
टोक ओढलं की लोकरीचा गुंडा सुटत जावा तसं.
ग्लेनिसने डोळे पुसले. केक कोरडा होता.

गेथिनलाही विचारलं होतं, का.
टेपवर आहे. मी शेजारीच होते,
पंधरा वर्षांच्या पोराला कायद्याने आई लागते म्हणून.
माहीत नाही.
पुन्हा विचारलं.
माहीत नाही.
हवालदार घड्याळ बघत होता,
त्याला लेकीला शाळेतून आणायचं होतं.

त्याच्या बापाने कधी हात उगारला नाही.
कबुतरं पाळायचा,
पायात कडी चढवताना त्यांचीसुद्धा माफी मागायचा.
भिंतीला ओल नव्हती आमच्या.
मग शाळेमागच्या शेडवर पेट्रोल का,
आत मिस्टर प्रॉथेरो झोपलेत हे माहीत होतं का,
आता त्यांच्या शर्टाची बटणं त्यांची बहीण लावते.
चार वर्षं मी त्या गुंड्याचं टोक शोधते आहे.
एखादा पट्टा सापडला असता
तर उराशी धरला असता मी, देवाशपथ.

रविवारी भेटीला गेले.
तिथल्या हॉलमध्ये सगळ्यांनी पाहिला म्हणे.
पोरं हसली, इन्स्पेक्टरसमोर कोण असं रडतं.
मी विचारलं, आणि तू?
गेथिन कागदी कपाची कड दुमडत बसला.
दुमडून झाली, तरी बसला.
किटली उलट्या बाजूला ठेवलेली, तो म्हणाला.
हो, त्यांच्या कॅमेऱ्याच्या आड येत होती.
परत ठेवलीस ना?
त्याच संध्याकाळी.
आणि पडदे?
पडदेही.

डाग मात्र पुरता गेला नाही.
ते पुसून गेले, वर रंगाचा हात देऊन गेले,
तरी बटणाच्या वर, हाताएवढा, चहाच्या रंगाचा, आहेच.
मी त्यावर कॅलेंडर टांगलं आहे.
ते त्याला सांगितलं नाही.