चौकटी कंस

गोळीबार चौकातल्या आमच्या वाचनालयात
कूलरचं पाणी मीच भरते.
खस मागच्या वर्षीची,
तिला आता ओल्या पोत्याचा वास.
दुपारी दीडला सर्व्हर जरा मोकळा असतो,
तेव्हा पुस्तकं वर चढवते,
नियमावली मांडीवर उघडी ठेवून.

आज हातात बत्तीस पानं.
छापलेली, पण वहीच म्हणावी अशी.
करवतकाठी लुगड्याच्या काठाला किती दात,
किती दातांना किती धागे,
अर्धा दात उरला तर कुठे लपवायचा.
कर्ता: डोमाजी सोनकुसरे.

संगणक म्हणतो, हा कर्ता अगोदरच आहे.
तीनदा.
डो. ग. सोनकुसरे.
सोनकुसळे, डोमा.
विणकर मास्तर.
तिघांची एकमेकांशी ओळख नाही.
तिघांचा एक करायचा तर जन्मवर्ष हवं.
रकान्यापुढे लाल चांदणी,
भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

तांडापेठेतून पार्बताबाई आल्या, त्यांची धाकटी लेक,
वय सत्त्याहत्तर,
रिक्षाला तीस रुपये गेले हे आधी सांगून.
"बाबा झाले तवा घरात दुसरा माग आला होता."
माग कोणत्या साली आला?
"सांगून राहिली न. बाबा झाले तवा."

नियमावलीत शोधलं.
अशा वेळी लिहावं: सुमारे.
एवढ्या जाड, कोरड्या पुस्तकात
हा एक शब्द,
पाहुण्याला पाट सरकवावा तसा.

विषयासाठी यादी उघडते.
वस्त्रोद्योग. कामगार चळवळ.
हस्तकला, पहा: लोककला.
करवतकाठी नाही.
नवी संज्ञा सुचवायचा अर्ज माघात भरला होता,
'आपला प्रस्ताव विचाराधीन आहे'
हे दर सोमवारी आपोआप येतं.
तोवर तो शब्द वेगळ्या रकान्यात,
रकान्याचं नाव: अनियंत्रित संज्ञा.
पार्बताबाईंना वाचून दाखवलं.
"म्हंजे आमच्या मोहल्ल्यावानी," त्या म्हणाल्या.

मग परवाना.
ही पानं सगळ्यांना दिसतील, मी सांगितलं,
कोणी उतरवून घेईल, कोणी शिकवेल,
कोणी छापेलसुद्धा.
"पैसे भेटन?"
नाही.
त्या बराच वेळ गप्प.
पदराचे धागे बोटांनी मोजत होत्या,
सवयीनं, न बघता.
"मंग नाव तं लिहा म्हना बाबाचं.
कापडावर कोनी लिहिलं नाई."
परवान्यांच्या यादीत
हेच वाक्य होतं, वरून दुसरं,
वकिली मराठीत, अडीच ओळींचं.
तिथे खूण केली.

जुलैत मोमिनपुऱ्याच्या मनपा शाळेतून निरोप आला.
शाहीन अंजुम, सहावी 'ब'.
विज्ञानाच्या तासासाठी 'दात' शोधत होत्या,
लागले लुगड्याचे.
मग गणिताच्या तासाला तेच घेतले.
'मुलांनी चौकटीच्या वहीत काठ काढला,
अपूर्णांक पहिल्यांदा कुणी पुसला नाही.
आठवं पान धूसर आहे, पुन्हा स्कॅन कराल का?
आणि एक मुलगी म्हणते हिशेब चुकलाय.
बेचाळीस हवेत, एक्केचाळीस नाही.'

मी पान खिडकीशी नेलं. तीनदा मोजलं.
मुलीचं बरोबर आहे.
किंवा छापखान्यात एक खिळा पडला,
किंवा डोमाजींनीच एक धागा बाजूला ठेवला
त्या उरलेल्या अर्ध्या दातासाठी.
आता कोणाला विचारणार.

पुस्तकात नाही, पण बाहेरून कळलं,
असं काही असेल तर चौकटी कंसात लिहावं,
असा नियम आहे.
लिहिलं:
[पान आठ: एक धागा कमी. सहावी 'ब'च्या लक्षात आलं.]

मग शाहीन मिसना उत्तर:
स्कॅन सोबत पाठवतेय.
मुलीचं नाव कळवा.
ती स्वतः लिहिते तसंच.