किती झाली?

सेलूच्या मंगल कार्यालयात फरशा घासते मी.
लग्न उरकलं की हळदीचे, पानाचे,
गंजक्या खुर्च्यांच्या पायांचे डाग.
त्यावर मुकादम पांढरी भुकटी देतो,
साखरेसारखी, पाण्यात कालवायची.
उरली तेवढी घरी आणली.
बोअरच्या पाण्यानं मोरीवर, हंड्यात थर धरलेला,
म्हणलं, निघंल.

बाटली संत्र्याच्या सोड्याची होती.
एवढंच.
झाकण मी घट्ट लावलं होतं, हे सगळ्यांना सांगितलं,
जमादारालासुद्धा.
शुद्धोधनला झाकण उघडता येतं, हे नाही सांगितलं.
मीच शिकवलेलं.

तोंड पोळलं, उलट्या झाल्या,
परभणीत एक रात्र काढली, सकाळी हसला पण.
मग लघवीला गेलाच नाही.
तिसऱ्या दिवशी डोळे सुजून बारीक झाले.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर किडनी काढली,
वालाच्या दाण्यासारखी,
आणि आत पेननं टिंबं टिंबं टिंबं.
म्हणल्या, खडे नव्हेत, त्याहून बारीक. चाळणी बुजलीय.
मला लगेच कळलं.
आमच्या हंड्याला आतून धरतो, तसला थर.
तोच तर काढायचा होता मला.

विष्णुपुरीचं धरण इथून जवळच.
बाहेरच्या बाया म्हणतात, यंदा तुडुंब आहे.
लेकराला दिवसाला दीड वाटी पाणी.

सिस्टर विचारते, किती झाली?
मापाचा डबा मी उजेडाकडं धरते.
शून्य. शून्य. सात.
सात म्हणजे चमचाभर.
पाचवीतल्या अक्षरात वहीवर लिहिते.
त्याचा बाप फोनवर हॅलो म्हणत नाही,
किती झाली?
नणंद जिंतूरहून, किती झाली?
आमच्यात ह्या गोष्टीचं नाव
इतक्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात टँकर आठ दिवसाला यायचा.
गादी ओली केली म्हणून ह्याच लेकराला
मी उंबऱ्यात उभं केलं होतं,
सगळी आळी बघत होती.
त्यानंतर झोपायच्या आधी
तांब्या उचलून फळीवर ठेवायची मी.

आज अकरावी रात्र. मशीन उद्या परत.
सगळे निजल्यावर त्याच्या अंगाखाली हात घालून बघते.
कोरडं.
तासानं परत घालते.