बघा कोकण

रंकाळा स्टँडवर मोजली तेव्हा सत्तेचाळीस डोकी,
कळ्याला भेळ खाऊन पुन्हा मोजली तर अठ्ठेचाळीस.
कुंभोजकर सर म्हणाले, असू दे, कमी तर नाहीत.

असळज गेलं, ऊस संपला,
काचा आतून-बाहेरून पांढऱ्या.
गगनबावड्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी
ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला:
"हं. बघा कोकण."

कोकण नव्हतंच.
कठड्यापासून पुढं नुसतं धुकं.
तरी सगळ्यांनी फोटो काढले.

शमिका रावराणे,
वर्षभर शेवटच्या बाकावर, हजेरीपुरती बोलणारी,
कठड्यावरून वाकली
आणि त्या पांढऱ्यात बोट घालून म्हणाली,
"ते आमचं घर. मागं फणस.
आई आता कोंबड्या डालत असंल."

कुणी हसलं नाही.
एकामागं एक
तिच्या बोटाच्या रेषेत उभे राहिलो.

धैर्यशील बराच वेळ बघून म्हणाला,
"फणस लई मोठाय की गं."