ऐच्छिक

फॉर्मच्या तळाशी नवा रकाना आलाय.
रक्तगट, ॲलर्जी, जुना आजार. चाळीस अक्षरं.
पुढे कंसात: ऐच्छिक.

वडसा रोडवरच्या माझ्या सेतू केंद्रात
हा शब्द कोणाच्याच तोंडात बसत नाही.
मी सांगते, मर्जी असेल तर.
लोक बघत राहतात,
सरकारनं याआधी मर्जी कधी विचारली होती
ते आठवत.

सुकरू कुमरे म्हणाले, लिव,
बायको गेल्यापासून झोप नाई.
हे आजारात बसत नाही, काका.
मंग कायच्यात बसते?
मी यादी खालीवर करत राहिले.

पोस्टातल्या नन्नावरेनं पेनिसिलिन सांगितलं.
एका सुईनं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं त्याचं.
पण असा खूश,
जसं सातबाऱ्यावर नाव चढतंय.

फागनाबाई तीनदा आली.
पहिल्यांदा नवऱ्यासोबत. रकाना कोरा.
मग बाजाराच्या दिवशी एकटीच,
जवसाची थैली मांडीवर घेऊन
शेवटचा माणूस जाईपर्यंत बसली.

"पोरीले सिकलसेल हाय, मॅडम.
हाडं दुखली का रातभर वरडते.
पोळ्याच्या पाडव्याले दवाखान्यात नेली
तं नर्स म्हने, नाटक करते.
कागद घरीच रायला, धानाच्या ढोलीत.
लिवून द्या.
पन बारीक अक्षरात लिवा जी.
औंदा पावने येतीन."

अक्षर बारीक होत नाही, मावशी.
आईच्या नावाएवढंच येतं,
पिनकोडाएवढंच.

ती उठून गेली. थैली विसरली.

तिसऱ्यांदा थैली न्यायला आली, सोबत इंदुकला.
सोळा वर्षांची. स्क्रीनवरचं सगळं
ओठ हलवत वाचून काढलं.
"मंग पुसता येते का हे?"
येतं. पन्नास रुपये.
"आन नाई पुसलं तं?"
तर राहील.

आईकडे न बघता
तिनं अंगठा ठेवला. यंत्रानं दोनदा नाकारला,
रोवण्याच्या चिखलानं भेगाळलेला.
मग कुर्त्याला खसाखसा पुसून
असा दाबला
की टेबल हललं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी माझीच नोंद उघडते.
चार महिन्यांत ही नववी वेळ.
गोळ्या इथेच असतात, ड्रॉवरमध्ये,
स्टेपलरच्या पिनांच्या डबीत.
घरी कोणाला माहीत नाही.
मला चाळीस अक्षरं लागणार नाहीत.
तीन पुरतात.

पहिलं टाइप केलं,
तेवढ्यात बाहेर यांनी हॉर्न दिला.

मी आधी पंखा बंद केला.