पोर्ट पंचवीस

सुन्वाचा फोन आला गुरुवारी, दुपारी साडेतीनला.
डिसेंबरात आमच्या फॅरो बेटांवर
ती वेळ दिवे लावायची.
"सोमवारपासून एक मेल नाही," ती म्हणाली.
"बँकेचं नाही, लोकरीच्या ऑर्डरी नाहीत,
बटणं विकणारा तो डेन्मार्कचा माणूस,
जो नको म्हटलं तरी लिहितो,
तोसुद्धा गप्प."
मग जरा थांबून:
"जातंय सगळं. येत नाहीये."

अठरा वर्षं या धंद्यात आहे.
इतकं नेमकं निदान
गिऱ्हाइकानं कधी हातावर ठेवलं नव्हतं.

डिस्क पाहिली. निम्मी रिकामी.
स्पॅमच्या चाळणीला धरलं,
तिला आधी धरायची सवयच लागलीय;
पण चोर सोडून संन्याशाला फाशी.
तिच्या कोठडीत रविवारचे तीन लॉटरीवाले
आणि नंतर कुणी नाही.
डीएनएसला विचारलं,
वॉवुरच्या लोकर संघाचं टपाल कुठे द्यायचं?
त्यानं पत्ता सांगितला, शेवटच्या टिंबासकट.
कुठेही ध चा मा नाही.

मग लॉग.
नकार दिसला असता तर बरं वाटलं असतं.
नकाराला क्रमांक असतो, कारण असतं,
भांडायला एक ओळ असते.
इथे रविवारी रात्री अकरा बावन्ननंतर
बाहेरून आलेलं कुणीच नाही.
सर्व्हरवरूनच सर्व्हरला हाक मारून पाहिली:
लगेच ओ आली.
आपणच आपल्याला दिलेली ओ,
तिच्यावर किती विसंबायचं?

शेवटी मोबाइलच्या इंटरनेटवरून,
परक्यासारखा,
माझ्याच सर्व्हरच्या दारात उभा राहिलो.
पोर्ट पंचवीस.
हो नाही, नाही नाही.
कर्सर लुकलुकत राहिला,
मग वेळ संपली.

अकरा बावन्न.
तेव्हा मी नवी फायरवॉल बसवत होतो,
चहा गार झाला होता,
जुने नियम एकेक उतरवून घेताना
एक ओळ राहिली.
कडी आतून होती. लावणारा हात माझा.

ओळ लिहिली. एंटर.
आणि सुन्वाला फोन लावून सांगितलं,
की समोरचे सर्व्हर मानी नसतात.
दार बंद दिसलं की पाच मिनिटांनी येतात,
मग दहा, मग तासाभरानं, मग चार तासांनी.
बहुतेक जण पाच दिवस येत राहतात,
त्यानंतरच पाठवणाऱ्याला कळवतात
की जमलं नाही बुवा.
आज चौथा.

ती काही बोलेना.
मग म्हणाली, "सोमवारी पहाटे सहाला
मी हानुसला लिहिलं.
त्याच्या बापाची बोट विकायच्या गोष्टीवरून.
लिहू नये ते लिहिलं.
चार दिवस उत्तर नाही.
म्हटलं, हेच उत्तर."

चार एक्केचाळीसला लॉग हलला.
एबरडीनहून. तीन हजार एकशे चार बाइट.
मला एवढंच दिसतं:
कुणाचं, कुणाला, वजन किती.
पाकिटाच्या आत माझी नजर जात नाही,
आणि त्या क्षणी पहिल्यांदाच
ते बरं वाटलं.

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज.
"सहा वाजून नऊ मिनिटं," ती म्हणाली.
"त्यानं सहा नऊला लिहिलंय."
काय लिहिलंय ते ती बोलली नाही,
मी विचारलं नाही.

रात्रीपर्यंत एकसष्ट आले.
बिल पाठवलं नाही;
अहवालात कारणाच्या रकान्यात
माझं नाव लिहिलं.

सुन्वाचा एक निरोप आला, उशिरा:
बटणवाल्याचे चार मेल आहेत.
पहिल्या दोनांत बटणं.
तिसऱ्यात, मिळालं का?
चौथ्यात बटणांचा विषयच नाही.
विचारतोय, तब्येत बरी आहे ना.