फोल्डर दिसू दे

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या ऑफिसात,
जिथं साच्यांची काळी माती कीबोर्डच्या फटींतही सापडते,
सुलोचना मुतगेकर म्हणाल्या,
"सगळ्यांना दिसतंय ओ. मलाच तेवढं दिसंना."

मी पिशवी ठेवली.
आधी विचारायचं असतं ते विचारलं: बंद करून चालू केलंत?
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
डिस्पॅचमध्ये बावीस वर्षं काढलेली बाई बघते तसं.

फोल्डरचं नाव 'पार्ट्या'.
बनवलं इराप्पा होसमनींनी.
ते निवृत्त होऊन हिरेबागेवाडीला गेले, भुईमूग करतात म्हणे,
फोल्डर मात्र अजून त्यांच्याच मेलबॉक्सात राहतं.

परवानग्यांची यादी उघडली.
वर ते दोघं, कुठल्याही ऑफिसात असतात ते:
एक डीफॉल्ट, एक अनामिक.
दोघांना काहीच नाही.
खाली अकाउंटचा विरूपाक्ष, संपादक.
स्टोअरमधली शबाना किल्लेदार, वाचक.
आणि सुलोचना मुतगेकर, संपादक.
म्हणजे आहे की. हक्क पुरता आहे.
"मग?"
"मग बघूया."

कॅश पुसली. प्रोफाइल नवं केलं.
एकदा जुनी प्रत वर आली, गेल्या शिमग्याची,
तीत अथणीचे मगदूम अजून हयात होते
आणि त्यांच्याकडून चाळीस हजार येणं होतं.
मग तीही गेली.
कट चहा आला, गार झाला, त्यावर भट्टीची राख बसली.

सापडलं तेव्हा दुपारचा भोंगा झाला होता.
आतल्या खोलीची किल्ली बाईंना दिलेली,
पण बाहेरच्या दाराला, सगळ्यात वरच्या ओळीला,
जिथं नुसतं इराप्पांचं नाव आहे,
तिथं एक बारीक चौकोन रिकामा:
फोल्डर दिसू दे.
वाचू दे नव्हे. लिहू दे नव्हे.
नुसतं, आहे म्हणून दिसू दे.

पण ती खूण करायची मालकानं.
फोन लावला. पलीकडं म्हैस, वारा, मग इराप्पा:
"पासवर्ड? तो काय बदलायचा री!
सुलोचनाबाईंना विचारा, त्यांना ठाऊक आहे."

मी वळून बघितलं.
"गंगव्वा," त्या म्हणाल्या, "पुढं एक दोन तीन. त्यांची म्हैस."
"माहीत होतं? मग तीन आठवडे..."
"दुसऱ्याच्या नावानं आत जायचं होय?"

त्यावर मला काही सुचलं नाही.
मी टाइप केलं. चौकोनात खूण केली.

अकराशे चौदा पार्ट्या खाली ओघळल्या.
गावाच्या रकान्यात बेळगाव,
बेळगांव टिंब देऊन,
बेळगावी कानडी अक्षरांत, आणि इंग्रजीत दोन तऱ्हांनी.
सॉफ्टवेअरला ही पाच गावं वाटतात.
"एक करून टाकू?"
"कशाला? फोन लागतोय न्हवं."

आणि शेऱ्याच्या रकान्यात इराप्पा, अजून नोकरीवर:
निपाणीचे शिंत्रे, दोन ते चार झोपतात.
संकेश्वर, कानडीत सुरू करा, दराचं मराठीत बोला.
खानापूरच्या बाई रागावत नाहीत, आवाजच तसा.
हल्याळ, मंडळी वारल्या, 'घरी कसं' विचारू नये.

बाई हळू हळू खाली जात होत्या, बोटानं, ओळ न ओळ,
'म' आला, मगदूम आले, त्यांच्यावर त्या जरा थांबल्या,
मग मुतगेकर.
सुलोचना मुतगेकर, डिस्पॅच, आतला नंबर सतरा.
शेरा: काहीही अडलं तर

पुढचं मी वाचायच्या आत खिडकी मिटली.
"बिल किती झालं ते सांगा," त्या म्हणाल्या,
"आणि पावतीवर तारीख आजचीच घाला."